अमेरिकन साहित्य आणि चित्रकला खऱ्या अर्थाने 'अमेरिकन' कधी झाली?

मुक्तछंद (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. नाशिकच्या आमच्या वाचनगटात यंदा अमेरिकन साहित्य घ्यायचं ठरलंय. जोडीला थोडी चित्रंही पाहू, असं एकीने सुचवलं आणि सगळ्यांनी उचलून धरलं. अडलंय ते सुरुवात कुठून करायची इथे.

१७७६ साली देश स्वतंत्र झाला, पण पुढची पन्नासेक वर्षं तिथला सुशिक्षित वाचक लंडनकडेच डोळे लावून बसलेला. १८२० मध्ये 'एडिंबरो रिव्ह्यू' या ब्रिटिश नियतकालिकात इंग्रज लेखक सिडनी स्मिथने सरळ विचारलं होतं, की जगाच्या पाठीवर अमेरिकन पुस्तक वाचतं कोण, अमेरिकन नाटकाला जातं कोण आणि अमेरिकन चित्राकडे बघतं कोण? त्यानंतर तीस वर्षांनी बघा: 'द स्कार्लेट लेटर' १८५०, 'मोबी डिक' १८५१, 'वॉल्डन' १८५४, 'लीव्ह्ज ऑफ ग्रास' १८५५. पाच-सहा वर्षांत एवढं पीक आलं कुठून?

माझ्या मते हे वळण निबंधकार इमर्सनच्या १८३७ च्या 'द अमेरिकन स्कॉलर' या भाषणाने आणलं, आणि सुरुवात तिथूनच करावी. तुम्हाला काय वाटतं?

शेवंती
छान विषय. वाचतेय.

जुना वाचक
मुक्तछंद, अर्धा सहमत. ३१ ऑगस्ट १८३७, केंब्रिज गाव, हार्वर्डच्या फाय बीटा कॅपा या विद्वानांच्या मंडळापुढचं भाषण. युरोपच्या दरबारी काव्यदेवतांचं आपण फार काळ ऐकत आलो, असं इमर्सन तिथे म्हणाला आणि ऑलिव्हर वेंडेल होम्सने पुढे या भाषणाला अमेरिकेचा बौद्धिक स्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हटलं. हे सगळे सांगतात. मला त्यातला दुसराच भाग मोलाचा वाटतो. तो म्हणतो, मला भव्य-दिव्य, दूरचं काही नको. इटली नको, अरबस्तान नको, ग्रीक कला नको. मला पिंपातल्या पिठाचा अर्थ सांगा, भांड्यातल्या दुधाचा सांगा, रस्त्यावरच्या गाण्याचा आणि होडीने आलेल्या बातमीचा सांगा.

किती नेमकं मागणं आहे हे! पण ते मागणंच आहे. इमर्सनच्या स्वतःच्या लेखनात ते पीठ आणि दूध फारसं सापडत नाही. तो वरच्या हवेत राहतो. ती मागणी पुरी केली दुसऱ्यांनी, त्यामुळे गटाला हे भाषण पहिल्याच बैठकीत दिलंत तर निम्मी मंडळी दुसऱ्या बैठकीला यायची नाहीत.

घाटमाथा
जुना वाचक +१. आमच्या गटात असंच झालं होतं. निबंधाने सुरुवात केली आणि पुढच्या वेळी फक्त चहा करणारे हजर :)

ताळेबंद
तुम्ही सगळे विचारांबद्दल बोलताय. जरा पैशाचंही बोलू.

१७९० च्या अमेरिकन कॉपीराइट कायद्याने संरक्षण दिलं ते फक्त तिथल्या नागरिकांना आणि रहिवाशांना. परदेशी लेखकाला काहीही नाही. म्हणजे स्कॉटची किंवा डिकन्सची नवी कादंबरी बोटीतून उतरली की न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाचे प्रकाशक ती घाईघाईने छापून स्वस्तात विकायचे आणि लेखकाला छदामही देणं बंधनकारक नव्हतं. डिकन्स १८४२ मध्ये अमेरिकेत आला तेव्हा त्याने याबद्दल जाहीर तक्रार केली, तर तिथल्या वर्तमानपत्रांनी उलट त्यालाच झोडपलं.

यात मार खाल्ला कुणी? घरच्या लेखकाने. प्रकाशकाने त्याला मानधन द्यायचं आणि वर पुस्तक महाग विकायचं, यापेक्षा फुकटचा डिकन्स काय वाईट? हा व्यवहार १८९१ च्या कायद्यापर्यंत चालला. त्यामुळे 'अमेरिकन लेखक उशिरा का जागा झाला' याचं उत्तर नुसतं न्यूनगंडात शोधू नका. तो जागाच होता, त्याला विकत घ्यायला कुणी तयार नव्हतं.

दर्यावर्दी
ताळेबंद, याच व्यवस्थेचा सगळ्यात मोठा फटका माझ्या लाडक्या मेलव्हिलला, म्हणजे 'मोबी डिक'च्या लेखकाला बसला. ब्रिटनमध्ये हक्क मिळावेत म्हणून पुस्तक आधी लंडनला काढायचं आणि मग न्यूयॉर्कला, अशी तेव्हाची रीत. ऑक्टोबर १८५१ मध्ये बेंटली या प्रकाशकाने लंडनला 'मोबी डिक' हे 'द व्हेल' या नावाने तीन खंडांत काढलं आणि त्यात शेवटचा उपसंहारच गाळला गेला. त्या उपसंहारातच तर कळतं, की जहाज बुडाल्यावर गोष्ट सांगणारा इश्माएल शवपेटीच्या आधाराने तरंगत वाचला! तिकडचे समीक्षक विचारायला लागले, सगळे बुडाले तर गोष्ट सांगतोय कोण? नोव्हेंबरमध्ये हार्परने न्यूयॉर्कला पूर्ण पुस्तक काढलं, पण तोवर लंडनची परीक्षणं तिकडे पोचायला लागली होती.

मी आयुष्य जहाजावर काढलंय म्हणून सांगतो, त्या पुस्तकातली मधली प्रकरणं लोक कंटाळून सोडतात, ती सोडू नका. व्हेलची चरबी कशी सोलतात, ती भट्टीवर कशी कढवतात, दोर होडीत कसा गुंडाळून ठेवतात आणि तो सुटताना माणसाच्या अंगाभोवती कसा फिरतो. जुना वाचकांनी सांगितलेलं ते भांड्यातलं दूध मला इथे दिसतं. नॅनटकेटचे खलाशी आणि आफ्रिकेतले, पॅसिफिक बेटांवरचे, मूळनिवासी असे हारपूनवाले (व्हेलवर भाला फेकणारे), सगळे एका डेकवर. असं जहाज तेव्हाच्या कुठल्या इंग्रजी कादंबरीत होतं?

आणि लेखकाचं काय झालं, तर न्यूयॉर्कच्या जकात खात्यात १९ वर्षं निरीक्षकाची नोकरी. १८९१ मध्ये गेला तेव्हा वाचक त्याला विसरले होते. त्याला डोक्यावर घेतलं ते १९२० नंतर. म्हणजे मुक्तछंद, तुमची ती १८५० ते ५५ ची यादी नंतरच्या लोकांनी मागे वळून केलेली आहे. त्या काळी खपणारं पुस्तक वेगळंच होतं. 'अंकल टॉम्स केबिन', १८५२, पहिल्या वर्षात अमेरिकेत तीन लाख प्रती.

मुक्तछंद
दर्यावर्दी, हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. मॅथिसन या समीक्षकाचं 'अमेरिकन रेनेसान्स' १९४१ चं, तिथून ही यादी पक्की झाली. त्यात 'अंकल टॉम'वाली स्टोव नाही, गुलामीतून सुटलेला लेखक डग्लसही नाही. यावर बोलूच. कुणी चित्रांबद्दल लिहील का?

कुंचला
मी वाटच बघत होतो :)

चित्रकलेत तर लंडनची ओढ आणखी जबर होती. पेनसिल्व्हेनियात जन्मलेला बेंजामिन वेस्ट लंडनला गेला तो तिकडचाच झाला, पुढे रॉयल अकादमीचा अध्यक्ष. बोस्टनचा कोपली १७७४ मध्ये गेला, परत आला नाही. इकडे राहिलेल्यांना काम एकच, व्यक्तिचित्रं. श्रीमंत माणसाला स्वतःचा चेहरा हवा असे, बाकी भिंतीवर काय लावायचं हा प्रश्न त्याला पडत नसे.

मग टॉमस कोल. जन्म १८०१, इंग्लंडमध्ये, लँकेशायरच्या गिरणीच्या गावात. पोरवयात कुटुंबाबरोबर अमेरिकेत आला. १८२५ मध्ये हडसन नदीवरून कॅटस्किलच्या डोंगरात गेला, परत येऊन निसर्गचित्रं काढली आणि त्यातली तीन चित्रं न्यूयॉर्कच्या तीन चित्रकारांनीच विकत घेतली. हडसन रिव्हर स्कूलची, म्हणजे तिथल्या निसर्गचित्रकारांच्या परंपरेची सुरुवात इथून धरतात.

त्याचं 'द ऑक्सबो' (१८३६) न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. जवळजवळ दोन मीटर रुंद. डावीकडे डोंगर, वादळ, वीज पडून मोडलेलं झाड, काळपट हिरवं रान. उजवीकडे ऊन पडलंय, कनेटिकट नदीने घेतलेलं मोठं वळण, कापलेली शेतं, धूर, पडाव. दोन्हींच्या मधून कर्ण गेल्यासारखी तिरकी रेघ. आता खालच्या मधल्या खडकांत नीट शोधा. टोपी घातलेला एक इवलासा माणूस चित्र काढतोय आणि वळून थेट आपल्याकडे बघतोय. तो कोल स्वतः. बाजूला कातळावर त्याची छत्री आणि चित्रांची पिशवी. मूळ चित्रापुढे उभं राहिलं की त्याची नजर सुटत नाही. इथून पुढे या जमिनीचं काय करणार, असं तो विचारतोय. रोमचे अवशेष रंगवणाऱ्याला हा प्रश्न पडला नसता, कारण तिथे जे व्हायचं ते होऊन गेलेलं. अमेरिकन चित्रकला मला इथे सुरू झालेली दिसते.

ताळेबंद यांच्यासाठी थोडा हिशेब: अमेरिकन आर्ट युनियन नावाची संस्था वर्षाला पाच डॉलर वर्गणी घ्यायची. बदल्यात प्रत्येक सभासदाला एक छापील चित्र आणि वर्षअखेरीच्या सोडतीत मूळ तैलचित्र लागण्याची संधी. १८४९ मध्ये सभासद जवळपास १९ हजार! अमेरिकन विषय असलेली चित्रं त्यांनी गावोगावच्या घरांत पोचवली. पुढे कोर्टाने ही बेकायदा लॉटरी ठरवली आणि दुकान बंद झालं. १८५९ मध्ये फ्रेडरिक चर्चने, म्हणजे कोलच्या शिष्याने, 'हार्ट ऑफ द अँडीज' हे एकच चित्र अंधाऱ्या खोलीत दिवे लावून, पडदे सोडून मांडलं. तिकीट २५ सेंट. तीन आठवड्यांत बारा हजारांवर लोक. सिडनी स्मिथला उत्तर मिळालं म्हणायचं.

शेवंती
कुंचला, दंडवत घ्या. चित्र मोठं करून तो माणूस शोधला. सापडला!

हडसनकाठ
मी त्याच भागात राहते. कोलचं कॅटस्किलमधलं घर आणि नदीपलीकडे चर्चचं ओलाना, दोन्ही बघता येतात. कुंचला यांच्या पोस्टमधला शब्दन् शब्द पटतो, पण त्या चित्रातून एक गोष्ट गायब आहे आणि ती कुणीतरी सांगायला हवी.

इंडियन रिमूव्हल ॲक्ट, म्हणजे मूळनिवासींना हुसकावण्याचा कायदा, १८३० चा. चेरोकी लोकांना हुसकावून पश्चिमेकडे चालवत नेलं ते १८३८-३९ मध्ये, हजारो वाटेत मेले. ऑक्सबो बरोबर मधला. त्या वर्षांतली 'रिकामी', 'कुमारी' भूमीची चित्रं दिवाणखान्यात लावणाऱ्यांना ती जमीन रिकामी कशी झाली हे माहीत होतं. कूपरची 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स' ही कादंबरी घ्या, १८२६ ची, मोहिकनांमधला शेवटचा मेला म्हणून हळहळणारी. मोहिकन लोक संपलेले नाहीत. त्यांना मॅसॅच्युसेट्समधून न्यूयॉर्कला, तिथून पुढे विस्कॉन्सिनला ढकललं आणि स्टॉकब्रिज-मन्सी समाज म्हणून ते आजही तिथे आहेत. पण अमेरिकेला स्वतःचं साहित्य हवं होतं, त्याला जुनी दंतकथा हवी होती, म्हणून जिवंत माणसांना कादंबरीत आधीच 'शेवटचे' करून टाकलं.

याने कोल लहान होतो असं मी म्हणत नाही. दर उन्हाळ्यात मी त्या डोंगरात जाते आणि त्याने आकाश किती खरं पाहिलं होतं ते दर वेळी जाणवतं. तरी गटात चित्र दाखवताना १८३० चा कायदाही सांगा.

कुंचला
हडसनकाठ, मान्य. एक जोड देतो. कोलला स्वतःला कुऱ्हाडीची धास्ती होती. १८३६ च्याच त्याच्या निबंधात झाडं तोडणाऱ्यांवर राग आहे. मात्र माणसं हाकलली त्याबद्दल तसा राग नाही, हे खरंय.

घाटमाथा
अवांतर: 'वॉल्डन'वाल्या थोरोच्या तळ्याचा आपल्या मुंबईशी संबंध आहे हे कुणाला माहीत आहे का? बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर बर्फाचा व्यापारी. गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजाने विकायचा. १८३३ मध्ये कलकत्त्याला पहिलं जहाज आलं, मग मुंबई-मद्रासही. १८४६-४७ च्या हिवाळ्यात वॉल्डन तळ्यावर शंभरेक आयरिश मजूर बर्फ कापायला आले, ते थोरोने खोपटातून पाहिलं. 'वॉल्डन'मध्ये तो लिहितो, की मद्रास, मुंबई आणि कलकत्त्याची घामाघूम माणसं माझ्या विहिरीचं पाणी पितात, आणि सकाळी मी भगवद्गीतेत बुद्धीला स्नान घालतो. इकडून गीता तिकडे, तिकडून बर्फ इकडे :) गिरगावातल्या कुणा पणजोबांनी थोरोचा बर्फ चोखला असेल!

जुना वाचक
घाटमाथा, हे अवांतर अजिबात नाही. त्याच्याकडची गीता चार्ल्स विल्किन्सच्या १७८५ च्या इंग्रजी भाषांतराची. लंडनच्या सावलीतून बाहेर पडायला या मंडळींना पूर्वेचा आधार झाला. इमर्सनची 'ब्रह्म' ही कविता १८५७ ची, मारणाऱ्याला वाटतं मी मारलं आणि मरणाऱ्याला वाटतं मी मेलो, इथून सुरू होते. आपल्याला लगेच ओळखीची वाटते. तेव्हाच्या अमेरिकन वाचकांनी मात्र तिची भरपूर टिंगल केली होती.

निळी पहाट
एवढा वेळ वाचत होते. आता लिहिते.

इथे इमर्सन, मेलव्हिल, कोल, सगळे आले. फ्रेडरिक डग्लस मुक्तछंदच्या एका ओळीत आला आणि गेला. माझं म्हणणं असं, की लंडनमध्ये लिहिलंच जाऊ शकलं नसतं असं पहिलं अमेरिकन पुस्तक शोधायचं तर ते १८४५ चं डग्लसचं आत्मकथन आहे. मालकिणीने त्याला बाल्टिमोरमध्ये मुळाक्षरं शिकवायला घेतली, नवऱ्याने ते थांबवलं. गुलामाला वाचता आलं तर तो गुलामीला नालायक होईल, असं तो नवरा बायकोला सांगत होता आणि पोरगा ते ऐकत होता. डग्लस म्हणतो, त्या क्षणी मला सुटकेची वाट कळली. मग खिशात पाव ठेवून रस्त्यावरच्या भुकेल्या गोऱ्या पोरांना द्यायचा आणि बदल्यात त्यांच्याकडून अक्षरं शिकायचा. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर 'स्वतः लिहिलेलं' असं मुद्दाम छापावं लागलं, कारण गुलाम असं लिहू शकतो यावर लोकांचा विश्वास नव्हता. छापलं आणि जीव धोक्यात आला, कारण त्यात मालकाचं नाव-गाव होतं. त्याला ब्रिटनला जावं लागलं आणि तिथल्या मित्रांनी पैसे भरून त्याला कायद्याने मोकळं केलं.

आणि आपला संबंध बर्फापेक्षा कितीतरी जवळचा आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तिथल्या सज्जनांना. नव्याण्णव वर्षांनी मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या काळ्यांच्या संघटनेचं नाव घेऊन. मधल्या काळात औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात काळ्यांचं साहित्य वाचलं जात होतं, त्यावर चर्चा झडत होत्या. इमर्सनने मराठीत आंदोलन उभं केल्याचं मला तरी ठाऊक नाही. या साहित्याने बळ दिलं.

दर्यावर्दी
निळी पहाट, पूर्ण अनुमोदन. पण 'पहिलं' म्हणताना फिलिस व्हीटली? १७७३, गुलाम असताना कवितासंग्रह.

निळी पहाट
व्हीटलीबद्दल फार आदर आहे. बोस्टनमध्ये प्रकाशक मिळाला नाही, पुस्तक लंडनला निघालं. पण तिचा छंद, तिचे दोहे इंग्रज कवी पोपच्या वळणाचे आहेत. तिला पर्यायच नव्हता, त्या चौकटीत लिहूनच तिला सिद्ध करायचं होतं. चौकट मोडायला पुढे लँग्स्टन ह्यूज हा काळा कवी यावा लागला. १९२६ च्या 'द नेशन' या नियतकालिकातला त्याचा लेख गटात जरूर घ्या. एक तरुण कवी म्हणाला, मला कवी व्हायचंय, निग्रो कवी नाही. आणि ह्यूजला त्यात स्वतःपासून पळण्याची भीती दिसली. त्याने ब्लूज गाण्याची चाल, एकच ओळ दोनदा म्हणून तिसरीने ती उलगडायची, कवितेत आणली. ती चाल कुठल्या लंडनहून आली नव्हती.

मुक्तछंद
निळी पहाट, ही पोस्ट गटात जशीच्या तशी वाचून दाखवणार आहे. चालेल ना?

निळी पहाट
आनंदाने.

तांबडं फुटलं
मार्क ट्वेन कुणालाच आठवला नाही? हेमिंग्वेने लिहून ठेवलंय, की सगळं आधुनिक अमेरिकन साहित्य 'हकलबेरी फिन' या एका पुस्तकातून आलं.

पुस्तक उघडताच टीप आहे, की यात अनेक बोली वापरल्या आहेत. मिसूरीतल्या काळ्यांची, नैऋत्येच्या जंगलभागातली, पाइक काउंटीची आणि तिच्या चार छटा. ट्वेन पुढे म्हणतो, हे सांगतो, नाहीतर वाचकाला वाटेल की सगळी पात्रं एकसारखं बोलायचा प्रयत्न करतायत आणि त्यांना जमत नाहीये. १८८५ चं अमेरिकेतलं पुस्तक, आणि निवेदक शाळा बुडवणारा, अडाणी भाषेत बोलणारा पोरगा. एकतिसाव्या प्रकरणात तो पळालेल्या जिमचा, म्हणजे सोबतच्या गुलामाचा पत्ता कळवणारं पत्र लिहितो, ते हातात धरून थरथरतो आणि फाडून टाकतो: ठीक आहे, मग मी नरकात जाईन. धर्माने शिकवलंय की गुलामाला मदत करणं पाप आहे, आणि पोरगा पाप निवडतो! इमर्सनच्याच कॉन्कॉर्ड गावच्या ग्रंथालयाने हे पुस्तक बाद केलं होतं.

हडसनकाठ
ट्वेन हवाच, पण शेवटची दहा-बारा प्रकरणं गटात चर्चेला घ्या. हकचा मित्र टॉम सॉयर येतो आणि जिमच्या सुटकेचा खेळ करून टाकतो. जिम तिथे माणूस राहत नाही. जे पत्र फाडण्यातून मिळालं होतं ते तिथे सांडतं असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

तांबडं फुटलं
पटतंय. तरीही पत्र फाडलं गेलं ते गेलंच.

अवांतर: १८९६ च्या जानेवारीत ट्वेन मुंबईत होता, वॉटसन हॉटेलात उतरलेला. तिथल्या कावळ्यांवर त्याने लिहिलंय, जरूर वाचा.

चिमणपाखरं
एमिली डिकिन्सन? धागा निम्म्यावर आला तरी तिचं नाव नाही. ॲमहर्स्टच्या घरात जवळपास अठराशे कविता लिहिल्या, हयातीत छापल्या गेल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. १८९० मध्ये पहिला संग्रह निघाला तेव्हा संपादकांनी तिच्या आडव्या रेघा काढून टाकल्या, यमकं नीट केली. तिने लिहिल्या तशा सगळ्या कविता लोकांसमोर यायला १९५५ उजाडलं. तुमच्या 'कधी' या प्रश्नाला तिच्या बाबतीत दोन उत्तरं आहेत.

ताळेबंद
आणि चित्रकलेत? १९२९ मध्ये गर्ट्रूड व्हिटनी ही श्रीमंत संग्राहक सुमारे पाचशे अमेरिकन कलाकृती मेट्रोपॉलिटनला भेट द्यायला गेली, तर त्यांनी नकार दिला. मग तिने स्वतःचंच संग्रहालय काढलं. म्हणजे कोलनंतर शंभर वर्षांनीही घरच्या जिवंत चित्रकाराला घरच्याच म्युझियमने दार उघडलं नव्हतं.

कुंचला
ताळेबंद, नेमकं बोललात. गटासाठी विसाव्या शतकातलं एकच घ्यायचं तर जेकब लॉरेन्सची 'मायग्रेशन सिरीज' घ्या. १९४०-४१, साठ छोटे फलक, दक्षिणेतून उत्तरेच्या शहरांकडे निघालेल्या काळ्या कुटुंबांची गोष्ट. एकेक रंग घेऊन तो सगळ्या फलकांवर ओळीने लावत गेला, म्हणून साठही फलक एका सुरात आहेत. खाली साध्या वाक्यात मजकूर. सम आकड्यांचे फलक न्यूयॉर्कच्या मोमाकडे (म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट), विषम वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनकडे. पोलॉक आणि मंडळींचा, म्हणजे अमूर्त चित्रकारांचा गाजावाजा पुष्कळ झालाय, तो नंतर बघता येईल.

मुक्तछंद
सगळ्यांचे मनापासून आभार. काल गटात बोलणं झालं. इमर्सनने सुरुवात करायची नाही, हे ठरलं. पहिल्या बैठकीला डग्लस, सोबत ऑक्सबो आणि १८३० चा कायदा. दुसरीला 'वॉल्डन'मधला बर्फाचा भाग आणि इमर्सनच्या भाषणातली फक्त ती पिठा-दुधाची पानं. मग डिकिन्सन, हक फिन, ह्यूज आणि लॉरेन्स. 'मोबी डिक'साठी पावसाळ्याचे दोन महिने राखलेत, दर्यावर्दी, तुम्ही ऑनलाइन याल का? व्हिटमनच्या 'लीव्ह्ज ऑफ ग्रास'ची कुठली आवृत्ती घ्यावी हे मात्र कळत नाहीये. दुकानात मिळते ती फार जाडजूड आहे.

दर्यावर्दी
येणार! दोराचं प्रकरण मी वाचून दाखवतो.

जुना वाचक
व्हिटमन १८५५ चाच घ्या. तो आयुष्यभर त्याच पुस्तकात भर घालत राहिला, म्हणून दुकानातलं जाड आहे. पहिल्यात फक्त बारा कविता आणि एक प्रस्तावना. ब्रुकलिनच्या छापखान्यात स्वतःच्या पैशाने काढलं, काही पानांचे खिळे स्वतः जुळवले. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव नाही. समोरच्या पानावर चित्र: डोक्यावर हॅट, गळ्याशी उघडा सदरा, एक हात कमरेवर, दुसरा खिशात. कवी म्हटल्यावर तेव्हा कोट-टाय डोळ्यापुढे येई, इथे कामावरून आलेला माणूस उभा आहे. व्हिटमन अर्काइव्हच्या संकेतस्थळावर त्या आवृत्तीची सगळी पानं फुकट बघता येतात. गटात आधी ते चित्र दाखवा आणि मग 'साँग ऑफ मायसेल्फ'मधली लांबच लांब यादी, सुतार, नावाडी, सूत कातणारी मुलगी, एकेकीने एकेक ओळ घेऊन मोठ्याने वाचा. अर्धा तास लागेल.